परिणाम की निर्बंध? : ‘गांधी मला भेटला’ खटला आणि आपण

विचारस्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित माणूस एक ठरलेले वाक्य टाकून मोकळा होतो. ‘बोलायला कोणी अडवले आहे? खुशाल बोला. फक्त जे बोलाल त्याचे परिणाम भोगायची तयारी ठेवा.’ हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकू येते, साहित्य संमेलनाच्या मांडवात ऐकू येते, आणि आता आपल्यातलेही काही जण ते मोठ्या समजूतदारपणे उच्चारू लागले आहेत. या वाक्याचा मथितार्थ असा की, तोंड दाबणे म्हणजे बंधन; तोंड उघडल्यावर खटला भरणे, दंड करणे, तुरुंगात टाकणे हे बंधन नव्हे, तो नुसता परिणाम. स्वातंत्र्य जागच्या जागी शाबूत आहे.

या युक्तिवादाला वंशावळ नाही असे नाही. अठराव्या शतकातील ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने मुद्रणस्वातंत्र्याची व्याख्या अशीच केली होती. छापण्यापूर्वी सरकारी परवाना लागत नसला की छपाई स्वतंत्र झाली. छापल्यावर शिक्षा झाली तर ती ज्याच्या त्याच्या आगाऊपणाची. इंग्रजांनी ही व्याख्या आपल्याबरोबर इकडे आणली आणि तिच्याच छायेत टिळकांना १८९७ साली अठरा महिने आणि १९०८ साली सहा वर्षे शिक्षा ठोठावली. ‘केसरी’ छापायला सरकारने आधी परवानगी मागितली नव्हती, म्हणून टिळकांना लेखनस्वातंत्र्य होते असे कोणी म्हणत नाही. टिळकांच्या बाबतीत जे कोणाला पटत नाही, ते इतरांच्या बाबतीत मात्र चटकन पटते.

पण आपण इंग्लंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. या व्याख्येची खरी कसोटी आपल्या घरात आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून पाहावा. शूद्राने द्विजाला कठोर शब्द वापरले तर त्याची जीभ छाटावी. नाव आणि जात घेऊन तुच्छतेने बोलला तर दहा अंगुळे लांबीचा तापलेला लोखंडी खिळा त्याच्या तोंडात घालावा. ब्राह्मणाला धर्म शिकवू लागला तर तोंडात व कानात उकळते तेल ओतावे. त्याच अध्यायात, ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर पन्नास पण दंड, वैश्याला दिली तर पंचवीस आणि शूद्राला दिली तर बारा. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती इथे पैशाच्या हिशेबात मांडलेली आहे. आता स्टाफरूममधील विद्वानाची व्याख्या याला लावा. मनूने शूद्राला बोलण्यापूर्वी कोठे परवानगी घ्यायला सांगितले होते? तोंडावर पट्टी कोठे बांधली होती? शूद्र बोलायला पूर्ण मोकळा होता. खिळा हा नुसता परिणाम होता! ज्या व्याख्येत मनुस्मृती हा विचारस्वातंत्र्याचा ग्रंथ ठरतो, ती व्याख्या २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जळले त्याबरोबरच जळायला हवी होती.

हे सारे पुन्हा मांडण्याचे निमित्त एका कवितेचे आहे आणि ती कविता दलित कवितेच्या प्रवाहातील नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही दीर्घ कविता लघुनियतकालिकांच्या पिढीतील. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती पोस्टरच्या रूपाने लोकांसमोर आली. तीत गांधी नाना ठिकाणी, नाना लोकांच्या संगतीत, त्या त्या लोकांच्या भाषेत कवीला भेटतो. ती भाषा सोवळी नाही. ज्यांनी गांधींचे नाव घेऊन दुकाने मांडली त्यांच्या दुकानातली ती भाषा आहे. कविता म्हणून तिच्यात काही ठिकाणी नुसता धक्का देण्याचा सोस आहे, असे माझे मत आहे. पण ते समीक्षेचे मत आहे आणि समीक्षेच्या मताने कोणाला पोलीस ठाण्यात जावे लागत नाही.

१९९४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या ‘बुलेटिन’ या अंतर्गत नियतकालिकाने ही कविता छापली. देविदास तुळजापूरकर हे त्याचे संपादक-प्रकाशक. पतित पावन संघटनेच्या पुण्यातील एका सदस्याने तक्रार केली आणि गुन्हा नोंदला गेला तो लातूरच्या गांधी चौक पोलीस ठाण्यात. (ठाण्याचे नाव कोणा कादंबरीकाराने घातले असते तर आपण त्याला बटबटीत म्हटले असते.) भारतीय दंड संहितेची १५३-अ, १५३-ब आणि २९२ ही कलमे लावण्यात आली. पहिली दोन, म्हणजे समाजगटांत वैर पसरवण्याची आणि राष्ट्रीय ऐक्याला बाध आणण्याची, खालच्याच न्यायालयात गळून पडली. अश्लीलतेचे २९२ राहिले. ते काढून घ्यावे म्हणून आरोपी आपल्या औरंगाबाद खंडपीठात आले. खंडपीठाने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ मे २०१५ रोजी न्या. दीपक मिश्रा व न्या. प्रफुल्लचंद्र पंत यांनी निकाल दिला. प्रकाशकाने दिलगिरी छापली होती, हे ध्यानात घेऊन प्रकाशक व मुद्रक यांच्यावरील आरोप रद्द झाला. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगण्यात आले.

१९९४ ते २०१५ ही एकवीस वर्षे. या एकवीस वर्षांत कोणालाही शिक्षा झालेली नाही. कविता अश्लील आहे असा अंतिम निर्णय कोणी दिलेला नाही. २९२ खाली पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची होती. दोन वर्षांच्या शिक्षेचा प्रश्न एकवीस वर्षे फक्त दारातच उभा होता. ‘परिणाम’ हा शब्द वापरणाऱ्याला वाटते की परिणाम म्हणजे निकालपत्राची शेवटची ओळ. ज्याने कोर्टाची पायरी चढली आहे, त्याला माहीत असते की तारीख हीच शिक्षा असते. आणि दिलगिरी छापणारा सुटतो, कविता आपली म्हणणारा राहतो, हे पाहिल्यावर दुसरा संपादक पुढची कविता हाती आली असता काय करील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आपल्याकडे नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. ती उघड कात्री आहे. तिचा निषेध आपण करतो आणि केलाच पाहिजे. पण त्या कात्रीचा एक गुण असा की ती दिसते. कोणती वाक्ये कापली याची यादी असते, ती घेऊन कोर्टात जाता येते. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’चे प्रकरण असेच १९७२ नंतर उच्च न्यायालयापर्यंत नेले गेले. नंतरच्या शिक्षेची कात्री लेखकाच्या घरात असते. ती न लिहिलेली ओळ कापते. तिची यादी नसते, तिच्यावर अपील नसते. मग या दोहोंपैकी एकीलाच बंधन म्हणायचे आणि दुसरीला परिणाम म्हणायचे, हे कोणत्या न्यायाने?

गुर्जर निकालातील आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. न्यायालयाने असे मत मांडले की ‘ऐतिहासिकदृष्ट्या आदरणीय’ व्यक्तीचे नाव घेऊन अश्लील भाषा वापरली असेल तर समकालीन समाजाची मोजपट्टी अधिक कडकपणे लावावी लागेल. न्यायालयाचे मित्र म्हणून नेमलेले ज्येष्ठ वकील फली नरिमन यांनी असा वेगळा वर्ग निर्माण करण्याला विरोध केला होता. तो मान्य झाला नाही. यावर मराठी साहित्यात चर्चा झाली ती बहुतेक गांधींच्या अंगाने. गांधींना हे आवडले असते का, गांधी एवढे क्षमाशील होते, वगैरे. दलित साहित्यिकाने हा निकाल गांधींच्या अंगाने वाचू नये. त्याने तो आपल्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहून वाचावा.

त्या कपाटात काय आहे? जोतीरावांची १८७३ ची ‘गुलामगिरी’ आहे. तीत ज्या अवतारांची झाडाझडती आहे ते कोट्यवधींना आदरणीय आहेत. दिनकरराव जवळकरांचे १९२५ चे ‘देशाचे दुश्मन’ आहे. त्यातील दुश्मन म्हणजे टिळक आणि चिपळूणकर. बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ आहे. शासनाने १९८७ साली ते प्रसिद्ध केले, तेव्हा राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून काहूर उठले, शासन परिशिष्ट मागे घ्यायला निघाले आणि १९८८ च्या आरंभी मुंबईचे रस्ते निळ्या झेंड्यांनी भरून गेल्यावर ते पुन्हा छापले गेले. सोबत शासन या मतांशी सहमत नसल्याची तळटीप. आपली सारी परंपराच आदरणीयांच्या अनादराची परंपरा आहे. आदरणीय कोण, हे ज्यांनी ठरवले त्यांनीच आपल्याला गावाबाहेर ठेवले होते. तेव्हा ‘आदरणीय व्यक्ती’ ही कसोटी एकदा कायद्यात रुजली की तिचा पहिला बळी गुर्जर असतील, शेवटचा नसेल.

आणि ‘समकालीन समाजाची मोजपट्टी’ म्हणजे कोणत्या समाजाची? नामदेव ढसाळांचे ‘गोलपिठा’ १९७२ साली आले तेव्हा पांढरपेशा वाचकाला त्यातील निम्मे शब्द कळले नव्हते. तेंडुलकरांना प्रस्तावनेत तसे कबूल करावे लागले. जे शब्द कळले ते अनेकांना अश्लील वाटले. वर्गात ‘गोलपिठा’ शिकवताना दरवर्षी एखादा विद्यार्थी दबक्या आवाजात विचारतो, ‘सर, हे शब्द पेपरात लिहिले तर चालतील का?’ त्याच्या वस्तीत ते शब्द नळावर, भांडणात, लाडात रोज वापरले जातात. पेपरात लिहिताना त्याला ते अश्लील वाटू लागतात, कारण पेपर तपासणारा समाज दुसरा आहे. बाबूराव बागुलांपासून आजच्या कवीपर्यंत दलित साहित्याने जी लढाई केली ती मुळात या मोजपट्टीशी. न्यायालयात ती मोजपट्टी ज्यांच्या हाती असते ते कोणत्या वस्तीतून येतात, हा प्रश्न विचारणे म्हणजे न्यायालयाचा अवमान नव्हे.

आता कायद्याचे पाहू. परिणाम हे निर्बंध आहेत की नाहीत, याचा निर्णय आपल्या राज्यघटनेने कधीच केलेला आहे. अनुच्छेद १९(२) मध्ये बदनामी, न्यायालयाचा अवमान, सभ्यता व नीतिमत्ता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा मोजक्या कारणांसाठी राज्याला कायद्याने ‘वाजवी निर्बंध’ घालता येतात. ‘वाजवी’ हा शब्द या खंडात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. विधेयकाच्या मूळ मसुद्यात तो नव्हता, प्रवर समितीत तो घातला गेला. या एका शब्दाने न्यायालयाच्या हाती तराजू आला. मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्यावर लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल २९२ खाली खटला झाला आणि रणजित उदेशी या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६४ चा तो निकाल पुस्तकाच्या विरुद्ध गेला. पण त्या निकालातही न्यायालयाने असे म्हटले नाही की, ‘ही तर नुसती शिक्षा, यात स्वातंत्र्याचा प्रश्नच कुठे येतो?’ २९२ हा स्वातंत्र्यावरचा निर्बंध आहे हे धरून तो वाजवी आहे की नाही, याची तपासणी केली. राजद्रोहाच्या कलमाची १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात आणि फौजदारी बदनामीची २०१६ साली अशीच तपासणी झाली. दोन्ही वेळा कलमे टिकली. निकाल पटोत न पटोत, प्रश्न मात्र योग्य विचारला गेला. स्टाफरूममधील विद्वान तो प्रश्नच विचारू देत नाहीत.

बाबासाहेबांची भूमिका याबाबत ढोंगाला थारा न देणारी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना, मूलभूत हक्क अपवादांनी पोखरले आहेत या टीकेला त्यांनी उत्तर दिले. अमेरिकेतही हे हक्क निरपवाद नाहीत, तिथे न्यायालयाने मागाहून अपवाद निर्माण केले, हे त्यांनी गिटलो खटल्याचा दाखला देऊन सांगितले. म्हणजे काय केले? निर्बंध आहे हे लपवले नाही. त्याला निर्बंध म्हटले, त्याची कारणे मोजून लिहिली आणि त्याला नाव दिले. ज्याला नाव आहे, त्याच्याशी भांडता येते.

आणि हेच बाबासाहेब वकील म्हणून कोणाच्या बाजूने उभे राहिले, तेही पाहावे. ‘देशाचे दुश्मन’बद्दल जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुण्यात शिक्षा झाली, तेव्हा १९२६ च्या अपिलात बाबासाहेबांनी त्यांना सोडवले. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा हा माणूस कोणाला नको असताना बाबासाहेब त्यांच्यामागे उभे राहिले आणि हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. दोनशे रुपये हा परिणाम. पण कर्व्यांना लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणाने लिहिण्याचे स्वातंत्र्य होते, असे १९३४ च्या महाराष्ट्राविषयी कोणी लिहील काय?

इथे आपल्यातलाच एखादा कार्यकर्ता उठून विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे काय? १९८९ च्या कायद्याने चारचौघांत जातीवरून अपमान करणे हा गुन्हा ठरवला. ते बोलणेच आहे. त्याला शिक्षा आहे. बोलण्यावरची शिक्षा हा निर्बंध आहे असे एकदा म्हटले की हा कायदाही निर्बंध ठरतो आणि मग आपलेच हत्यार बोथट होते, अशी ही भीती आहे.

माझे उत्तर सरळ आहे. होय, तो निर्बंध आहे. तो हवा आहे. जातीचे नाव घेऊन दिलेली शिवी हे मत नसते. ते हुकूमपत्र असते. ‘तुझी जागा तिथे’ असे ती सांगते आणि तिच्यामागे गावाची काठी, पाणी आणि मजुरी उभी असते. ती शिवी ऐकणाऱ्याचे बोलणे बंद करते. दोघांपैकी एकाच्याच तोंडाला इतकी शतके मोकळीक होती. कायद्याने त्या तोंडाला आवर घातला म्हणून स्वातंत्र्याची एकूण बेरीज कमी झाली नाही, वाढली. हा निर्बंध वाजवी आहे असे उघडपणे, कारणे देऊन सांगण्याची आपल्यात धमक असली पाहिजे. ‘हा निर्बंधच नाही, परिणाम आहे’ या आडोशाला जाऊन बसलो तर उद्या त्याच आडोशाला ‘रिडल्स’वर खटला भरणाराही येऊन बसेल आणि त्याला उठवायला आपल्याकडे शब्द उरणार नाही.

यातूनच एक अवघड गोष्ट निघते. २०१५ च्या दुरुस्तीने या कायद्यात आणखी एक पोटकलम आले: अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी वा तोंडी शब्दांनी अनादर करणे. गुर्जर निकालातील कसोटी आणि हे पोटकलम एकाच वर्षातले आणि दोन्हींत शब्द तोच, आदरणीय. पुतळ्याची विटंबना ही वेगळी बाब आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांची माळ घातली गेली ती बाबासाहेबांच्या मताचे खंडन म्हणून नव्हे, वस्तीला तिची जागा दाखवण्यासाठी. आणि त्यानंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. तिथे कायदा कठोरच हवा. पण लिहिलेल्या शब्दातील अनादर, तोही दिवंगत नेत्याचा? ज्यांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना विभूतिपूजेवर कोरडे ओढले आणि १९४९ साली राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते असे बजावले, त्यांच्या नावाभोवती असे कुंपण घालणे मला पटत नाही. जातीय हेतूने केलेला अपमान इतर पोटकलमांत येतोच. त्यापलीकडे बाबासाहेबांवर कोणी वाईट पुस्तक लिहिले तर आपण चांगले पुस्तक लिहू. आपल्याला लिहिता येते. हे मत आपल्या काही मित्रांना रुचणार नाही. त्यांनी याच त्रैमासिकात खरमरीत उत्तर द्यावे.

राजा ढाले यांच्या ‘साधना’तील १९७२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या लेखावर महाराष्ट्र भडकला तो राष्ट्रध्वजाबद्दलच्या एका वाक्यावरून. मूळ मुद्दा फार थोड्यांनी वाचला. दलित स्त्रीचे वस्त्र फेडणाऱ्याला किती शिक्षा आणि राष्ट्रीय प्रतीकाचा अपमान करणाऱ्याला किती, असा तो हिशेब होता. शिक्षेच्या आकड्यांवरून समाज कशाला किंमत देतो, हे वाचण्याची ती पद्धत होती. मनूचे बारा पण वाचावेत तसे दंड संहितेचे आकडे वाचायला ढाल्यांनी शिकवले. तीच पद्धत आजही लावून पाहावी. ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये एका साहित्य संमेलनाहून परतताना अटक झाली. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा लावला गेला. मे २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले. मध्ये चाळीस महिने गेले. कायद्याच्या भाषेत त्यांना शिक्षा झालीच नाही, म्हणजे परिणामही नाही! आता दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली आहे. २९२ चे २९४ झाले. शिक्षा दोन वर्षांचीच राहिली, दंडाची मर्यादा दोन हजारांवरून पाच हजारांवर गेली.

शेवटी कायद्याबाहेरच्या परिणामांचे. १९७८ साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि या भागातील खेड्यांत आपल्या वस्त्या जळल्या. नामांतराची मागणी करायला कायद्याने कोणालाही बंदी नव्हती. मे २०१५ मध्ये, गुर्जर निकालाला दोन दिवस होतात न होतात तोच, शिर्डीत एका तरुणाला मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून ठार मारण्यात आले. रिंगटोन ठेवायलाही बंदी नव्हती. गावाने आपल्याला कधीच ‘बोलू नको’ असे लेखी दिलेले नाही. गावाची सारी सत्ता ‘बोलून बघ’ या दोन शब्दांत असते. राज्यघटना आली ती गावाच्या या ‘बोलून बघ’च्या विरुद्ध. म्हणून राज्याच्या तोंडी जेव्हा तेच दोन शब्द येतात, अधिक सभ्य मराठीत, कलमाच्या क्रमांकासह, तेव्हा ते ओळखायला आपल्याला इतरांपेक्षा कमी वेळ लागायला हवा.